आबालाल रहिमान आणि आपल्या मुलांचे दोन डोंगर

चौथीच्या कुठल्याही वर्गात जा आणि "निसर्गचित्र काढा" एवढंच म्हणा. पाच मिनिटांत वह्या भरायला लागतात. दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध अर्धा सूर्य, त्याला किरणांच्या रेघा, डोंगरातून निघून कागदाच्या तळाशी रुंद झालेली नदी, एका बाजूला उतरत्या छपराचं घर, दुसऱ्या बाजूला नारळाचं झाड आणि आभाळात इंग्रजी एमसारखे चार पक्षी. मूल नागपूरचं असो, कोल्हापूरचं असो की आपल्या बोर्डीचं, चित्र तेच.

आता आपलं बोर्डी बघा. इथं सूर्य बारडा डोंगराच्या बाजूने उगवतो आणि समुद्रात मावळतो. ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की किनाऱ्यावरून लाटेची नुसती पांढरी रेघ दिसते. वाळू पिवळी नाही, काळसर करडी आहे. पाणी निळं नाही, मातकट आहे, आणि पावसाळ्यात तर सरळ चहाच्या रंगाचं. काठाला सुरूची झाडं, मागे चिकूच्या वाड्या, मधूनच ताड आणि खजुरी. हे सगळं रोज शाळेत येता-जाता बघणारं मूल वहीत मात्र निळाशार समुद्र आणि पिवळीधमक वाळू रंगवतं. एका मुलीला मी विचारलं, "आपला समुद्र असा आहे का गं?" ती म्हणाली, "नाही बाई, पण खरा रंग दिला तर चित्र मळकं दिसेल."

तिच्या या उत्तरावर मी बरेच दिवस विचार केला. तिला खरा रंग दिसत होता, म्हणजे नजर शाबूत होती. पण चित्रात तो चालत नाही, हे तिला कुणीतरी शिकवलं होतं. ते 'कुणीतरी' म्हणजे आपणच, शिक्षक आणि पालक. म्हणून आज मला एका चित्रकाराबद्दल लिहायचं आहे, ज्याने आपल्या गावातलं एक तळं आयुष्यभर बघितलं. आबालाल रहिमान. दुर्दैवाने कोल्हापूरच्या बाहेर हे नाव प्राथमिक शाळेच्या भिंतीपर्यंत फारसं पोहोचलेलं नाही.

आबालाल कोल्हापूरचे. मूळ नाव अब्दुल अझीझ. घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याची परंपरा होती, म्हणजे सुंदर अक्षर, बारीक रेघ आणि तासन्‌तास एका जागी बसून काम करणं हे घरातच होतं. १८८० च्या दशकात ते मुंबईला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला गेले. ही शाळा १८५७ साली सुरू झालेली. आबालाल शिकत होते तेव्हा जॉन ग्रिफिथ्स तिथले प्रमुख होते, ज्यांनी विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करून घेतल्या तेच. शिक्षण अगदी कडक पाश्चात्त्य पद्धतीचं. प्लास्टरचे पुतळे समोर ठेवायचे आणि छाया-प्रकाशासकट हुबेहूब उतरवायचे. आबालाल यात इतके तरबेज झाले की १८८८ साली त्यांना व्हाइसरॉयचं सुवर्णपदक मिळालं.

इथं थोडं थांबू या. मुंबई, पदक, इंग्रज प्रिन्सिपॉलची शाबासकी. पुढचा रस्ता सरळ होता. संस्थानिकांची आणि शेठ-सावकारांची व्यक्तिचित्रं काढायची, भरपूर कमवायचं. त्या काळात त्याला मागणीही होती. आबालाल मात्र कोल्हापूरला परतले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारचे चित्रकार म्हणून आश्रय दिला. आपल्या मुलांना शाहू महाराज माहीत असतात ते १९०२ च्या आरक्षणासाठी, कुस्तीसाठी, राधानगरीच्या धरणासाठी आणि १९१७ च्या सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणासाठी. तो शेवटचा मुद्दा आपण शिक्षक तर विसरूच शकत नाही. पण त्याच राजाने गायक, मल्ल आणि चित्रकार सांभाळले, हेही त्याच धड्यात दोन ओळींत सांगायला हरकत नाही.

दरबारचा चित्रकार म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर झगा आणि मखमल येते. आबालाल राहत होते कोटितीर्थ तलावाच्या काठी, अगदी साधेपणाने, जवळजवळ फकिरासारखे. तिथूनच ते कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा घाट, आसपासची झाडी आणि जुनी देवळं रंगवत राहिले. विकतचे रंग परवडत नसत म्हणून झाडपाला आणि दगडमातीतून ते स्वतः रंग तयार करत, असं कोल्हापुरात सांगतात.

मला या माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट कुठली वाटते, तर त्यांची बदललेली रेघ. ज्या हाताने पदक मिळवलं तो हात घोटीव, गुळगुळीत काम करणारा होता. उतारवयातल्या निसर्गचित्रांत तो हात मोकळा झालेला दिसतो. रंगाचे छोटे छोटे फटकारे आणि ठिपके शेजारी शेजारी ठेवलेले. जवळून बघितलं तर नुसते डाग, चार पावलं मागे गेलं की पाणी हलतं, झाडाखालचा गारवा जाणवतो. कलेचे जाणकार या चित्रांत दृक्प्रत्ययवाद बघतात. म्हणजे वस्तू कशी आहे त्यापेक्षा त्या क्षणी, त्या उजेडात ती डोळ्यांना कशी दिसली, ते रंगवणं.

हा शब्द जड आहे. पण त्यातली कल्पना तिसरीच्या मुलालाही कळते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पॅरिसमध्ये १८७४ साली काही तरुण चित्रकारांनी नादार नावाच्या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत स्वतःचं प्रदर्शन भरवलं. त्यात क्लोद मोने याचं ल हाव्र बंदरातल्या सूर्योदयाचं एक चित्र होतं. त्याच्या नावातला 'ठसा', 'इंप्रेशन' हा शब्द उचलून एका टीकाकाराने या सगळ्यांची टिंगल केली आणि टिंगलीचंच पुढे नाव झालं. हे लोक स्टुडिओ सोडून उघड्यावर चित्र काढत. त्यांना मदत झाली ती एका साध्या वस्तूची, रंगाच्या धातूच्या ट्यूबची. १८४१ पासून ती मिळू लागली आणि तेलरंग खिशात घालून शेतात नेणं शक्य झालं. उघड्यावर गेल्यावर त्यांना दिसलं की सावली काळी नसते. तिच्यात निळसर, जांभळट रंग असतो. आणि दर अर्ध्या तासाला उजेड बदलतो, त्यामुळे सकाळचं झाड आणि दुपारचं झाड ही दोन वेगळी चित्रं आहेत. मोनेने १८९०-९१ च्या सुमारास गवताच्या गंजी पुन्हा पुन्हा रंगवल्या. तीच गंजी, कधी पहाटेची, कधी बर्फातली, कधी मावळतीची. म्हातारपणी त्याने जिव्हर्नी गावातल्या आपल्या बागेत ओढ्याचं पाणी वळवून एक तळं करून घेतलं आणि १९२६ साली वारेपर्यंत त्यातली कमळं रंगवली.

मोनेने तळं बांधून घेतलं. आबालालना गावचंच तळं पुरलं. जिव्हर्नीच्या तळ्याला माळी होते, कोटितीर्थावर माणसं कपडे धूत असतील, म्हशी डुंबत असतील. तरी दोघांचं काम एकच, रोज तिथे जायचं आणि आज काय वेगळं दिसतंय ते बघायचं.

आता ती प्रसिद्ध गोष्ट. शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी वारले. त्या दुःखात आबालालनी आपली असंख्य चित्रं कोटितीर्थात टाकून दिली, अशी कथा सांगितली जाते. आबालालवर कुठेही कुणी बोलायला उभं राहिलं की ही कथा येतेच, आणि बहुतेक वेळा भाषण तिथेच संपतं. मला ती मुलांना सांगायला आवडत नाही. कथा करुण आहे, राजावरच्या निष्ठेची आहे, टाळ्या मिळतात, सगळं मान्य. पण मुलांच्या डोक्यात काय उरतं? चित्रं बुडवणारा चित्रकार. चित्रं काढणारा उरत नाही. आबालाल त्यानंतरही नऊ वर्षं जगले, १९३१ साली गेले. त्यांची चित्रं आजही आहेत, बघायला मिळतात. मग जी बुडाली त्यांच्यासाठी हळहळण्यात तास घालवायचा की जी वर आहेत ती दाखवण्यात? थोर माणसांची चरित्रं शिकवताना आपण गरिबी, अपमान, त्याग आणि मृत्यू यांवर इतका वेळ घालवतो की तो माणूस रोज सकाळी उठून नेमकं काय करत होता, हे सांगायचं राहूनच जातं.

कोल्हापुरात पुढे हे बघणं चालू राहिलं. बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी, रवींद्र मेस्त्री अशी नावं त्या मातीतली. बाबूरावांच्याच तालमीत वाढलेले चंद्रकांत मांडरे आजच्या आजी-आजोबांना माहीत असतात ते नट म्हणून, भालजी पेंढारकरांच्या 'छत्रपती शिवाजी'मधले महाराज म्हणून. तेच मांडरे झाडं आणि डोंगर रंगवत गावोगाव फिरत होते. त्यांचं राजारामपुरीतलं घर आज त्यांच्या चित्रांचं संग्रहालय आहे. सिनेमातला शिवाजी सुट्टीच्या दिवशी झाडाखाली बसून चित्र काढायचा, हे मुलांना सांगून बघा, डोळे मोठे होतात.

आता आपल्याकडची एक हरकत. एक सहकारी मला म्हणाले, "बाई, आपली वारली मुलं आहेत. जगाला चित्रकला शिकवणारी. त्यांना तुम्ही फ्रान्सचं काय शिकवताय?" प्रश्न चांगला आहे. डहाणू-तलासरीच्या मुलांना चित्र घरातूनच मिळतं. लग्नाचा चौक सुवासिनी काढतात, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसेंना २०११ साली पद्मश्री मिळाली, ते २०१८ साली गेले, आणि त्यांनी या रेघेला जगभर नेलं. पण वारली चित्र आणि आबालालचं चित्र ही दोन वेगळी कामं आहेत. वारली चित्रात उजेड नसतो, सावली नसते, सकाळ-संध्याकाळ नसते. जे मनाला माहीत आहे ते सगळं एकदम भिंतीवर येतं, म्हणून त्यात तारपा, शेत, मुंगी आणि देव एकाच वेळी राहू शकतात. आबालालच्या चित्रात फक्त एक क्षण असतो. मुलाला दोन्ही यायला काय हरकत आहे? घरात वारली बोलणारं मूल शाळेत मराठी बोलतं, तसंच हे. उलट माझी खरी तक्रार अशी आहे की आपण वारलीचीही तीच गत केली. दोन त्रिकोण जोडले की झाला माणूस, गोल फेरा काढला की झाला तारपा नाच, आणि स्नेहसंमेलनाच्या कमानीला किनार तयार. दोन त्रिकोणी डोंगर गेले आणि दोन त्रिकोणी माणसं आली. पाठांतर ते पाठांतरच.

आपल्या जिल्हा परिषद शाळांत चित्रकलेला वेगळा शिक्षक नसतो. कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण हे सगळं वर्गशिक्षकाच्याच गळ्यात. डी.एड.ला आपल्याला फलकलेखन शिकवलं, शैक्षणिक साहित्य करायला शिकवलं, ते रोज उपयोगी पडतं. पण झाडाकडे कसं बघायचं हे कुणी शिकवलं नाही. त्यात गणित मागे पडलं की कलेचा तास गेलाच. तरी सांगते, या कामाला चित्रकलेचा शिक्षक लागत नाही. मला स्वतःला घोडा काढता येत नाही.

आम्ही काय केलं ते सांगते. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यात काड्यापेटीएवढी खिडकी कापली. ती डोळ्यांसमोर धरायची आणि तिच्यात जेवढं दिसेल तेवढंच चित्र. यामुळे "सगळंच काढायचं" ही भीती जाते. काळा तेलखडू पेटीतून काढून ठेवायचा. पोस्टकार्डाएवढा कागद आणि दहा मिनिटं. जागा एकच, पण सकाळी शाळा भरताना एकदा, दुपारी जेवणानंतर एकदा आणि सुटताना एकदा. नियम एवढाच, मागचं चित्र बघायचं नाही.

पहिल्या वेळी मुलांनी खिडकीतून बघितलं आणि कागदावर डोंगर काढले! डोंगर समोर नव्हताच. तिसऱ्या-चौथ्या वेळी गंमत सुरू झाली. सकाळी सुरूच्या सावल्या किनाऱ्याच्या बाजूला वाळूवर पडतात, संध्याकाळी त्याच सावल्या उलट रस्त्याच्या बाजूला येतात. हे मुलांनीच शोधलं. परिसर अभ्यासात पूर्व-पश्चिम मी किती वेळा शिकवली असेल, पण सावलीने ती एका दिवसात शिकवली. सावली "वांगी रंगाची" आहे असं एक मुलगा म्हणाला. जांभळी म्हणायला त्याच्याकडे शब्द होता, पण त्याने वांगीच म्हटलं आणि ते जास्त बरोबर होतं. ओल्या वाळूत आभाळ दिसतं म्हणून एकीने खाली आभाळ काढलं आणि वर वाळू. भाषेच्या तासाला जे वर्णन मिळवायला आपण डोकं फोडतो, ते इथं आपोआप यायला लागलं.

चित्रं मात्र 'छान' नव्हती. पालकसभेला भिंतीवर लावली तेव्हा दोन-तीन पालकांनी स्पष्ट विचारलं, "हे काय रंगवलंय? याच्यापेक्षा बंगल्याचं चित्र बरं काढत होता." पालकहो, तुमची अडचण मला समजते. मोबाईलवर 'सोपं निसर्गचित्र' टाकलं की पाच मिनिटांत झकास चित्र शिकवणारे व्हिडिओ मिळतात, मूल तसंच काढतं, आपण ते व्हॉट्सअॅपवर टाकतो, आणि मावशी-काका अंगठा दाखवतात. पण त्या चित्रात मुलाने काहीही बघितलेलं नसतं. दुसऱ्याच्या हाताची नक्कल त्याच्या हाताने केलेली असते. नक्कल करून हात तयार होतो हे खरं, आबालालही पुतळे उतरवूनच तयार झाले. पण पुतळा निदान त्यांच्या समोर होता. पुढे मुलाला एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसवायचं असेल तर जरूर बसवा, त्या परीक्षांचे दहावीला वाढीव गुण मिळतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मात्र त्या तयारीला आत्ताच जुंपू नका. आणि चित्र दाखवायला आलं की "छान" म्हणायच्या आधी एकदा विचारा, "हे किती वाजताचं आहे?"

हे मला आत्ताच का लिहावंसं वाटलं, त्याला एक कारण आहे. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. त्याच तालुक्यात वाढवण बंदर येतंय, ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला त्याचं भूमिपूजन झालं. बुलेट ट्रेनचा मार्गही आपल्या जिल्ह्यातून जातो. बंदर चांगलं की वाईट यावर प्रत्येक घरात वेगळं मत आहे, आणि या लेखाचा तो विषय नाही. पण आज चौथीत असलेलं मूल पंचवीस वर्षांचं होईल तेव्हा हा किनारा असाच दिसेल असं कुणीही म्हणणार नाही. आबालालच्या काळचं कोटितीर्थही आता शहराच्या पोटात गेलंय. तेव्हाचं पाणी, तेव्हाची झाडी कशी होती हे बघायचं तर त्यांच्या चित्रांकडे जावं लागतं.

आणि निसर्गचित्र म्हणजे फक्त झाडं-पक्षी हा समजही सोडायला हवा. ज्या चित्राने हे सगळं सुरू झालं ते मोनेचं चित्र बंदराचंच आहे. त्यात धुक्यात बुडालेल्या बोटी, डोलकाठ्या आणि धुराडी आहेत. आमच्या एका मुलाने खिडकीत जेसीबी आला म्हणून जेसीबी काढला, पिवळा, संध्याकाळच्या उन्हात नारिंगी झालेला. मी तो भिंतीवर मधोमध लावला.

कुणाच्या शाळेची सहल कोल्हापूरला जाणार असेल तर अंबाबाई, पन्हाळा, जोतिबा होतंच. त्यात टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयाला पाऊण तास द्या. तिथे आबालालची चित्रं आहेत. माहिती वाचून दाखवू नका आणि वहीत उतरवून घ्यायला तर मुळीच लावू नका. आधी लांब उभं करा, मग जवळ न्या, परत लांब आणा. मुलं आपापसात बोलतील ते ऐका.

आणि आपल्याच किनाऱ्यावर वर्ग न्यायचा असेल तर आधी तिथी बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास दुपारी भरती असते आणि सकाळ-संध्याकाळ पाणी लांब गेलेलं असतं, ओली वाळू मिळते. अष्टमीला बरोबर उलट. मी पहिल्यांदा कॅलेंडर घेऊन बसले होते, तेवढ्यात मांगेल्यांच्या मुलाने बोटांवर मोजून दिवस सांगितला. त्यालाच विचारा.